निकालामागील कारणे

इ. स. १८७९ मध्ये महादेव गोविंद रानडे नाशिकहून धुळ्यास प्रथम वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून आले. धुळे हे त्या काळी अखंड खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. पूर्व आणि पश्चिम खानदेश अशी वाटणी होऊन जळगावास जिल्ह्याचे स्थान मिळाले ते पुढे १९०६ साली. रानड्यांच्या या बदलीला नेहमीच्या बदलीचे स्वरूप होते, पण तिचे मूळ निराळे होते. त्या वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार अस्वस्थ झाले होते, पुण्यातील सुशिक्षित पुढाऱ्यांवर त्याची वक्रदृष्टी वळली होती, आणि रानड्यांसारखा लोकमान्य न्यायाधीश पुण्यापासून जितका दूर तितका बरा असे अधिकाऱ्यांस वाटत होते. धुळ्यास त्यांच्या नावे येणारी पत्रे वाटेत फोडून पाहिली जात, ही हकीकत रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत नमूद करून ठेविली आहे. रानड्यांवर कोणताही आरोप ठेवण्यात आला नव्हता. त्यांना कोणी जाब विचारला नव्हता, आणि त्यामुळे जबाब देण्याची संधीही मिळाली नव्हती. संशय होता, त्यावर निर्णय होता. मधली कारणांची पायरी तेवढी नव्हती.

आता याच गृहस्थांचे दुसरे चित्र पाहावे. रोज सकाळी हेच रानडे धुळ्याच्या कचेरीत जाऊन न्यायासनावर बसत. समोर सावकार आणि कूळ, भाऊ आणि भाऊ, शेजारी आणि शेजारी उभे राहत. दावा शंभर रुपयांच्या खतावरचा असो किंवा मोठ्या इस्टेटीचा असो, निकाल देताना तो का दिला हे लिहून ठेवणे त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक होते. ज्या सत्तेने स्वतः त्यांना कारण दिले नाही, त्याच सत्तेच्या कायद्याने खानदेशातील गरिबांतल्या गरीब कुळालाही कारण मिळण्याचा हक्क होता. आज्ञा आणि न्यायनिर्णय यांतील भेद यापेक्षा अधिक स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण सहसा सापडणार नाही. आज्ञेला सत्ता पुरेशी असते. न्यायनिर्णयाला सत्ता लागतेच, पण केवळ सत्तेने तो न्यायनिर्णय होत नाही.

कायद्याची व्याख्याच या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत हुकूमनामा निराळा आणि न्यायनिर्णय निराळा मानला आहे. कोणास काय मिळावे हे हुकूमनाम्यात सांगितलेले असते. न्यायनिर्णय म्हणजे त्या हुकूमनाम्याच्या आधारांचे न्यायाधीशाने केलेले निवेदन. याचा अर्थ असा की, आधार सांगितले नाहीत तर कागदावर सही आणि शिक्का असूनही न्यायनिर्णय असा झालाच नाही. त्याच संहितेच्या विसाव्या आदेशात न्यायनिर्णयाची चार अंगे सांगितली आहेत: प्रकरणाची संक्षिप्त हकीकत, निर्णयासाठी निघालेले मुद्दे, प्रत्येक मुद्द्यावरील निर्णय आणि त्या निर्णयाची कारणे. लघुवाद न्यायालयांना मात्र मुद्दे व निर्णय एवढ्यावरच थांबण्याची मोकळीक दिली आहे. ही सवलत मुद्दाम लिहून दिलेली आहे, यावरूनच इतरांना ती नाही हे उघड होते.

ही कल्पना साहेबाने आणली, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. वादात जिंकणाऱ्यास जे जयपत्र द्यावयाचे, त्यात पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, पुराव्याची क्रिया आणि निर्णय ही सारी अंगे असावीत, असे आपल्या स्मृतिकारांनी सांगून ठेविले आहे. मराठेशाहीतील महजर आणि निवाडपत्रे पाहिली तर तोच क्रम दिसतो. सभेस कोण कोण बसले होते त्यांची नावे, वादीची तकरीर, प्रतिवादीची तकरीर, दोघांनी दाखविलेले कागद, साक्षीदारांनी सांगितलेली हकीकत, आणि मग निवाडा. हरलेल्या पक्षाकडून येजितखत लिहून घेण्याची चाल होती. आपण का हरलो हे त्याच्या गळी उतरल्याची ती एक प्रकारची पावतीच होय. त्या काळात दिव्यासारखे प्रकारही होते आणि तेथे कारणाची जागा तापलेले लोखंड घेत असे, ही गोष्ट नाकारता येत नाही. तथापि कागदोपत्री निवाड्याची परंपरा जुनी आणि घरची होती. असे शेकडो कागद इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून मिळविले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांतून प्रसिद्ध केले. त्यांचा देह ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यासच पडला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ पुढील वर्षी तेथेच स्थापन झाले. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या वतनाच्या भांडणात कोण खरे होते, हे आज आपल्याला पडताळून पाहता येते याचे श्रेय त्या लिहिलेल्या कारणांस आहे. केवळ ‘वतन अमक्याचे’ एवढेच लिहिले असते, तर इतिहासाला त्याचा काडीचाही उपयोग झाला नसता.

युरोपात मात्र या बाबतीत एकमत नव्हते. इंग्लंडातील प्रसिद्ध न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांची एक गोष्ट सांगतात. एका लष्करी गृहस्थाची वसाहतीच्या गव्हर्नराच्या जागी नेमणूक झाली आणि तेथे त्याला न्यायदानही करावे लागणार होते. कायद्याचा गंध नसलेल्या त्या गृहस्थाला मॅन्सफील्ड यांनी सल्ला दिला की, निर्णय खुशाल द्यावा पण कारणे कधीही सांगू नयेत. कारण निर्णय बहुधा बरोबर असेल, कारणे मात्र खात्रीने चुकतील. गोष्ट विनोदाची आहे आणि ती मोठ्या चवीने सांगितली जाते. पण तिच्या पोटात एक कटू सत्य आहे. कारणे देणारा न्यायाधीश आपली चूक पकडण्याचे साधन स्वतःच लोकांच्या हाती देतो. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९० च्या ऑगस्टमध्ये, प्रत्येक निकालात त्याची कारणे दिलीच पाहिजेत असा कायदा झाला, त्याचे इंगितही हेच आहे. राजाच्या नावाने गूढपणे बोलणारे न्यायालय त्या लोकांना नकोसे झाले होते. चूक पकडता यावी हाच त्यांचा हेतू होता.

कारणे कोणासाठी लिहावयाची, याचा विचार केला तर चार मंडळी डोळ्यांपुढे येतात. पहिला म्हणजे हरलेला पक्षकार. जिंकलेल्याला कारणांची फारशी गरज नसते. त्याला आपली बाजू खरी असल्याची खात्री आधीपासूनच असते. हरलेला मनुष्य मात्र घरी परततो तो एक प्रश्न घेऊन: माझे म्हणणे ऐकले तरी गेले काय? या प्रश्नाचे उत्तर कारणांत नसेल तर ते तो अन्यत्र शोधतो. समोरच्याच्या पैशात शोधतो, जातीत शोधतो, वकिलाच्या ओळखीत शोधतो. दुसरे म्हणजे अपिलाचे न्यायालय. खालच्या न्यायालयाने कोणत्या वाटेने जाऊन हा निर्णय गाठला ते समजले नाही, तर वरच्या न्यायालयाने तपासावयाचे काय? तिसरा समाज; एका खटल्यातील कारण हे शेकडो न झालेल्या खटल्यांचा निकाल असते, कारण ते वाचून किंवा ऐकून लोक आपापले व्यवहार आखतात. आणि चौथा स्वतः न्यायाधीश. मनात पक्का वाटलेला निर्णय कागदावर उतरवू लागताच डळमळीत होतो, हा अनुभव प्रत्येक प्रामाणिक लेखकाचा आहे. ज्या निर्णयाला कारण लिहिता येत नाही, तो निर्णय पुष्कळदा चुकलेला असतो. लेखणी ही न्यायाधीशाची पहिली अपील-कचेरी होय.

परंतु कारणे द्यावीत म्हणजे नेमके काय करावे? एक कल्पित पण खानदेशच्या मातीतले उदाहरण घेऊ. अमळनेर तालुक्यातील एका शेतकऱ्याचे शेत नाल्यापलीकडे आहे आणि शेजाऱ्याच्या बांधावरून त्याची बैलगाडी जाते. एके वर्षी शेजारी काट्या टाकून वाट बंद करतो आणि वाद न्यायालयात जातो. इझमेंट ॲक्ट या नावाने वकिलांच्या परिचयाचा असलेला १८८२ चा कायदा सांगतो की, वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, अखंड आणि हक्क म्हणून वहिवाट केली असेल तर वाटेचा हक्क प्राप्त होतो. वादी म्हणतो, आजोबांपासून गाडी जाते. प्रतिवादी म्हणतो, गाडी गेली हे खरे, पण ती आमच्या परवानगीने गेली. दरवर्षी पेरणीपूर्वी हे लोक विचारावयास येत असत. दोन्हीकडून दोन-दोन साक्षीदार येतात.

या दाव्याचा निकाल पुढीलप्रमाणे लिहिता येईल: ‘उभय पक्षांचा पुरावा पाहिला. वकिलांचे म्हणणे ऐकले. वादीचा हक्क शाबीत होत नाही. सबब दावा खर्चासह रद्द.’ हा निकाल कदाचित अगदी योग्यही असेल. पण तो वाचून वादीला काय कळले? गाडी वीस वर्षे गेलीच नाही असे न्यायालयाला वाटले, की गेली पण परवानगीने गेली असे वाटले? त्याच्या म्हाताऱ्या साक्षीदारावर विश्वास बसला नाही, की विश्वास बसूनही त्याची साक्ष अपुरी पडली? पुरावा पाहिला हे वाक्य न्यायाधीशाच्या डोळ्यांविषयी सांगते, बुद्धीविषयी काहीच सांगत नाही.

तोच निकाल दुसऱ्या रीतीनेही लिहिता येतो. गाडी वीस वर्षांहून अधिक काळ जात होती हे प्रतिवादीलाही मान्य आहे. तेव्हा वाद उरतो तो एवढाच की, ती हक्काने जात होती की परवानगीने. परवानगीबद्दल प्रतिवादीच्या सालदाराने दोन प्रसंग ठिकाण आणि हंगामासह सांगितले व उलटतपासणीत तो डगमगला नाही. उलटपक्षी वादीच्या साक्षीदाराने, आपण स्वतः एकदा वादीच्या वडिलांबरोबर विचारावयास गेलो होतो, हे कबूल केले. वादीच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा असा की, वाट नकाशात दाखविलेली आहे. पण नकाशा वाटेचे अस्तित्व दाखवितो, हक्काचे स्वरूप दाखवीत नाही. म्हणून दावा रद्द. हा मजकूर जेमतेम एक पान भरेल. वादी याही निकालाने हरलाच. पण कशामुळे हरला हे त्याला आता माहीत आहे. अपील करावे की शेजाऱ्याशी बोलणे लावून पैसे देऊन वाट घ्यावी, हे तो शहाणपणाने ठरवू शकतो.

या दोन नमुन्यांतील अंतर लांबीचे नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पुरेशी कारणे म्हणजे पुष्कळ कारणे नव्हेत. साक्षींची पानेच्या पाने उतरवून, वरिष्ठ न्यायालयांचे उतारे एकामागून एक चिकटवून, शेवटी ‘वरील विवेचनावरून’ म्हणून निर्णय ठोकून देणारे शंभर पानांचे निकालपत्रही कारणाविना असू शकते. कसोटी एकच: जो मुद्दा वादाचा कणा आहे त्यावर बोट ठेवले आहे काय, आणि हरणाऱ्याच्या सर्वांत चांगल्या युक्तिवादाला उत्तर दिले आहे काय? सोप्या युक्तिवादांना लांब उत्तरे देऊन अवघड युक्तिवाद गाळणे, ही निकालपत्रांतील जुनी पळवाट आहे.

फौजदारी न्यायात या कर्तव्याला अधिकच धार येते, कारण तेथे पणाला लागते ते मनुष्याचे स्वातंत्र्य, आणि कधीकधी प्राण. १८९८ च्या फौजदारी संहितेत एक विलक्षण तरतूद होती. खुनासारख्या गुन्ह्यात फाशी न देता दुसरी शिक्षा दिली, तर फाशी का दिली नाही याची कारणे न्यायाधीशाने लिहावीत, अशी ती होती. फाशी हा नियम, दया हा अपवाद. म्हणून दयेला कारण लागे. १९५५ साली ते कलम बदलले. पुढे १९७३ च्या संहितेने काटा उलट फिरविला आणि फाशी द्यावयाची तर तिची विशेष कारणे नोंदविलीच पाहिजेत असे सांगितले. २०२३ च्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनेही हाच नियम राखला आहे. पाऊणशे वर्षांत गुन्ह्याचे नाव तेच राहिले. पण कारण सांगण्याचा भार कोणत्या पारड्यात आहे, यावरून समाजाची नीती कोठून कोठे गेली ते समजते.

आरोपी पुष्कळ असले म्हणजे हे काम आणखी कठीण होते. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेसंबंधीची फिर्याद २००६ साली दाखल झाली. खटला चालला तो धुळ्याच्या विशेष न्यायालयात, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ आरोपींना दोषी ठरविणारा निकाल तेथे लागला. त्या निकालाच्या गुणदोषांची चर्चा हा येथील विषय नव्हे. परंतु इतके आरोपी एकाच पिंजऱ्यात उभे असतात तेव्हा न्यायाधीशावर केवढा भार पडतो, हे त्यावरून ध्यानात यावे. ठरावाला हात वर करणारा निराळा, पैसे वळविणारा निराळा, सही करणारा निराळा. ‘सर्वांनी मिळून केले’ हे वाक्य बोलावयास सोपे. पण शिक्षा भोगणारा प्रत्येक जण एकेकटा भोगतो, म्हणून कारणही प्रत्येकाच्या वाट्याचे निराळे दिसले पाहिजे.

कारणाविना निर्णय म्हणजे काय, याचे भेसूर दर्शनही याच धुळे जिल्ह्याने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मुले पळविणारे आहेत अशा निव्वळ अफवेवरून, जमावाने ठार मारले. तेथे आरोप होता, निर्णय होता आणि शिक्षाही होती. नव्हते ते ‘तुमचे म्हणणे काय?’ हे चार अक्षरांनी वाचू शकणारे प्राण. पुढे त्या प्रकरणाचा खटला धुळ्याच्या न्यायालयात चालला. ज्यांनी पाच जणांना एक शब्दही बोलू दिला नाही असा आरोप होता, त्यांना मात्र न्यायालयाने वकील दिला, साक्षीदार तपासू दिले आणि प्रत्येकाविषयीचा निर्णय पुराव्यावर तोलला. कोणास यात दुबळेपणा दिसेल. वस्तुतः न्यायालय आणि जमाव यांत असलेली एकमेव खरी भिंत ती हीच. ही भिंत कारणांच्या विटांनी बांधलेली असते. न्यायालयच जर कारण देईनासे झाले, तर शिस्तीने बसलेला जमाव आणि न्यायालय यांत अंतर ते किती राहिले?

यावर व्यवहारी लोक म्हणतील की, तालुक्याच्या न्यायाधीशापुढे दाव्यांचा डोंगर असतो; प्रत्येकाची कारणमीमांसा करीत बसले तर डोंगर वाढतच जाईल. आक्षेप पोकळ नाही. म्हणूनच कायद्याने लहान कज्ज्यांत सूट ठेविली आहे, आणि तारीख वाढवून देण्याच्या अर्जावर कोणी दोन पानांचे विवेचन मागत नाही. पण कारणाविना दिलेला निकाल वेळ वाचवितो हा भ्रम आहे. तो अपिलात जातो, तेथून फेरविचारासाठी परत येतो, आणि दोन पाने लिहिण्याचे वाचलेले श्रम पक्षकाराला दोन वर्षांच्या हेलपाट्यांनी फेडावे लागतात.

‘निकाल आज, कारणे मागाहून’ ही सवयही तितकीच घातक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात २१ जानेवारी २०२० रोजी निर्णय जाहीर केला. त्याची कारणे बाहेर आली ती ९ ऑक्टोबरला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात या विलंबाबद्दल नापसंती व्यक्त करून प्रकरण पुन्हा विचारासाठी परत पाठविले. मधले साडेआठ महिने हरलेल्या पक्षाने करावे काय? अपील करावे तर कशाविरुद्ध करावे हेच ठाऊक नाही. शिवाय मागाहून दिलेल्या कारणांवर एक संशयाची छाया पडते: यांच्यामुळे निर्णय झाला, की निर्णयासाठी ही शोधली? सरकारी अधिकाऱ्यांच्या हुकमांबाबत हे तत्त्व १९५१ सालीच ठरून गेले आहे. अंधेरीच्या एका चित्रपटगृहाच्या परवान्यासंबंधीच्या प्रकरणात, हुकमाचा अर्थ हुकमातील शब्दांवरूनच करावयाचा, अधिकाऱ्याने मागाहून दिलेल्या खुलाशावरून नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

शेवटी भाषेचा प्रश्न उरतो. घरी अहिराणी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती इंग्रजी निकालपत्र पडले, तर त्यातील कारणे कितीही सूक्ष्म असली तरी त्याच्यापुरती ती नसल्यासारखीच. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरविली, ती केवळ भाषाभिमानाची बाब नव्हे. ज्याच्या डोक्यावर निकालाचे ओझे पडावयाचे, त्याला तो वाचता आला किंवा निदान कोणी वाचून दाखविल्यावर समजला, तरच कारणे देण्याचे कर्तव्य पुरे झाले असे म्हणता येईल.

रानडे धुळ्यास फार काळ राहिले नाहीत. संशयाचे ढग हळूहळू विरले, १८८१ साली त्यांची मुंबईस नेमणूक झाली, आणि १८९३ साली ते उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर आरूढ झाले. आपल्यावर संशय का आला याचे उत्तर सरकारने त्यांना कधी लिहून दिले नाही. मनात आणले असते तर धुळ्याच्या कचेरीतही त्यांना, सत्ता आपल्या हाती आहे तेव्हा आपणही तसेच वागावे, असे वाटू शकले असते. ते तसे वागले नाहीत. फोडलेली पत्रे टेबलावर बाजूला सारून त्यांनी समोरच्या कुळाचा दावा हाती घेतला, आणि तो का मान्य करावयाचा किंवा का नाकारावयाचा हे लिहून काढले. स्वतःला न मिळालेली गोष्ट दुसऱ्याला रोज देत राहणे, यातच न्यायासनाची खरी प्रतिष्ठा आहे.